चार वर्षांची लेक, दीड वर्षाचा धाकटा आणि प्राणीसंग्रहालय: मदत हवी आहे

दोघांची_आई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही घरचे सगळे प्राणीसंग्रहालय बघायला जायचं ठरवतोय. थोरली लेक चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण नातवंडांबरोबर यायची त्यांना फार हौस आहे.

लेकीला प्राण्यांचं वेड आहे. चित्रातला कुठलाही प्राणी दाखवा, तो काय खातो, कुठे झोपतो आणि त्याची आई कुठे आहे, हे प्रश्न ठरलेले. पण मोठा आवाज झाला की घाबरते. शेजारचा कुत्रा भुंकला तरी माझ्या पायांना मिठी मारून उभी राहते. धाकट्याचं सध्या एकच काम, हाताला लागेल ते तोंडात घालणं.

पहिली शंका वेळेची. नकाशा बघितला तर सगळं पाहायला अख्खा दिवस जाईल. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या लांब जायचं तर सगळं बघूनच यावं. मला वाटतं मुलं दुपारपर्यंत किरकिरायला लागतील. किती वेळ पुरे? कुठल्या वेळी जावं?

दुसरं म्हणजे तिथे शेळ्या, ससे, कोंबड्यांना हात लावू देतात असा एक भाग आहे. लेक तिथून हलणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. धाकट्याला तिथे न्यावं का?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. मध्यंतरी लेकीने एका व्हिडिओत पिंजऱ्यातला वाघ पाहिला. तो जाळीच्या कडेकडेने चालत जायचा, कोपऱ्यात वळायचा, परत यायचा, पुन्हा तोच कोपरा. ती बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं, "आई, तो काय शोधतोय?" मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारून सांगते. ते उत्तर अजून द्यायचं राहिलंय. तिथे प्रत्यक्ष असं काही दिसलं तर तिला काय सांगू? खोटं सांगायचं नाहीये, पण तिचा आनंदही हिरावून घ्यायचा नाहीये. मुळात न्यावं की नाही, इथपासून सांगितलंत तरी चालेल.

आगाऊ धन्यवाद.

पाणकोंबडा

दार उघडायच्या वेळेला हजर राहा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सिंह दिवसातले सोळा ते वीस तास नुसता पडून असतो. वाघ-बिबट्यांची हालचाल पहाटे आणि संध्याकाळी जास्त. उन्हं चढली की सगळे सावलीला जातात आणि मग पोरांना "तो बघ, तो बघ, त्या दगडामागे" करत बसावं लागतं. चार वर्षांच्या मुलीला लांबच्या झुडपातला बिबट्या दिसत नाही, ती आपली आपल्या समाधानासाठी "दिसला" म्हणते.

आत गेल्यावर बहुतेक लोक दाराजवळच्या पिंजऱ्यापासून सुरुवात करतात. तुम्ही उलटं करा. मुलं ताजीतवानी आहेत तोवर थेट लांबच्या टोकाला जा आणि तिथून प्राणी बघत बघत दाराकडे या. कंटाळली तर बाहेर पडायला चार पावलं पुरतात.

आणि सगळं बघायचा नाद सोडा. जायच्या आधी लेकीलाच तीन-चार प्राणी निवडू द्या. ते नीट बघून झाले की दिवस सार्थकी लागला. बाकीचे वाटेत दिसतील तेवढे दिसतील. तीन तास भरपूर झाले. प्राण्यांना खायला घालायच्या वेळा पाटीवर असतात, निदान एक तरी वेळ साधा. एरवी झोपलेला प्राणी तेव्हा हमखास उठतो.

गुलबक्षी

तीन-चार प्राण्यांच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. मी त्यात एवढंच घालेन की प्रत्येक प्राण्याचं एकच काहीतरी बघायला सांगा. "हत्ती बघ" म्हटलं की मूल एक नजर टाकतं आणि पुढे पळतं. "सोंडेचं टोक बघ" म्हटलं की थांबतं. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एक उंचवटा असतो, आफ्रिकन हत्तीला दोन. सोंडेत एकही हाड नाही, तरी तो गवताची काडी त्या बोटाने चिमटीत धरल्यासारखी उचलतो, पायावर झटकून माती पाडतो आणि मग तोंडात घालतो. हे सगळं बघायला पाच मिनिटं शांत उभं राहावं लागतं आणि मुलं राहतात, हा माझा अनुभव आहे.

जिराफाची जीभ दाखवा. जवळजवळ हातभर लांब आणि काळपट जांभळी असते. लेकीची मान आणि जिराफाची मान, दोन्हींत मणके सातच, हे सांगितलंत तर ती घरी आल्यावर सगळ्यांच्या माना मोजत फिरेल. फ्लेमिंगो दिसला तर तो चोच उलटी करून खातो ते बघा. त्याचा गुडघा मागे वाकतो असं वाटतं ना, तो खरं तर घोटा असतो. गुडघा वर पिसांत लपलेला.

अजून एक. तिथे गेल्यावर तिच्या शेजारी उकिडव्या बसा आणि तिच्या उंचीवरून काय दिसतं ते पाहा. कित्येक ठिकाणी कठडाच तिच्या डोळ्यांसमोर येतो, तिला फक्त लोकांच्या पाठी दिसतात. कासव, बदकं, पाणमांजर हे खालच्या पातळीवरचे प्राणी छोट्यांना म्हणूनच आवडतात. आणि वाघासमोर उभी असताना ती खारीकडे किंवा मुंग्यांच्या रांगेकडे बघत बसली तर कृपा करून "अगं वाघ बघ ना" करू नका. खारसुद्धा प्राणीच आहे, आणि ती हाताच्या अंतरावर आहे.

कडेवरची_सफर

बाबागाडी हवीच, शिवाय धाकट्याला अंगाशी बांधायची झोळी. सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची किंवा बॅटरीवरची गाडी मिळते का, हे आधीच फोन करून विचारा. आत जायच्या आधी दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा आणि लेकीच्या मनगटावर फोन नंबर लिहून ठेवा. गर्दीत चुकलीच तर फार उपयोगी पडतं.

अर्धा_तोळा

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

धाकट्याला हात लावायच्या भागात नेऊ नका. कडेवर घेऊन कुंपणाबाहेरून दाखवा. शेळ्या, मेंढ्या, वासरं दिसायला ठणठणीत असतात, तरी त्यांच्या विष्ठेत ई. कोलाय या जंतूचा एक घातक प्रकार असू शकतो. मोठ्या माणसांचं बहुतेकदा पोट बिघडण्यावर निभावतं, पण पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तो कधीकधी मूत्रपिंडावर जातो. २००९ साली इंग्लंडमध्ये एका फार्मवर अशी साथ झाली होती. ९३ जण आजारी पडले आणि त्यांतली बहुतेक लहान मुलं होती. हे घाबरवायला सांगत नाही. काळजी घेतली तर धोका खूप कमी होतो, आणि ती काळजी सोपी आहे.

लेकीला शेळीच्या पाठीवरून हात फिरवू द्या, तुम्ही शेजारी बसा. तोंडाजवळ हात जाऊ देऊ नका, शेळीला तोंड लावून पापा घेणं नको. कोंबडीची पिल्लं, कासवं, सरडे, साप यांना मात्र तिनेही हात लावू नये. त्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना या प्राण्यांपासून लांबच ठेवावं असं आम्ही सांगतो.

तिथून बाहेर पडल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने वीस सेकंद हात धुवा. सॅनिटायझरवर भागवू नका. हात मळलेले असले की तो नीट काम करत नाही, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू तर त्याने मरतच नाही. हात धुतल्याशिवाय काहीही खायचं नाही, हा नियम मोठ्यांनाही. कठड्यांना हात लागलेले असतात, म्हणून कुठल्याच प्राण्याला हात लावला नसला तरी खाण्याआधी हात धुवायचेच.

आवारात मोकळी माकडं असतील तर मुलांच्या हातात खाऊ देऊ नका, आणि माकडाकडे दात दाखवून हसू नका, रोखून बघू नका. त्यांना ती धमकी वाटू शकते. चावलं किंवा ओरखडलं तर जखम लगेच साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. जखम लहान दिसली तरी.

दोघांची_आई (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार! नवऱ्याला वाचून दाखवलं, सगळं बघायचा बेत रद्द झाला. डॉक्टरताई, धाकट्याची चोखणी आणि दुधाची बाटली तिथे न्यायची की नाही? शेळ्यांच्या भागात बाबागाडी नेली तर चालेल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

अर्धा_तोळा

दोन्ही नको. चोखणी जमिनीवर पडली की संपलंच. बाबागाडी बाहेर ठेवा, चाकांना लागलेली घाण घरापर्यंत येते. घरी आल्यावर बुटांचे तळवेही धुवून टाका.

सावलीतला_बाक

मी बरीच वर्षं प्राण्यांची निगा राखायचं काम केलं आहे, त्यामुळे वाघाच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ताई, तुमच्या लेकीने जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. असं त्याच वाटेने येरझारा घालणं हे बऱ्याचदा प्राण्याला बंदिवासाचा त्रास होत असल्याचं लक्षण असतं. काही पिंजऱ्यांत त्या वाटेवर गवत उगवत नाही, पावलांनी माती गुळगुळीत झालेली असते. क्लब आणि मेसन या दोन संशोधकांनी २००३ मध्ये नेचर या नियतकालिकात मांसाहारी प्राण्यांची तुलना मांडली होती. जंगलात ज्यांचं फिरणं खूप लांबवर असतं, उदाहरणार्थ ध्रुवीय अस्वल, तेच बंदिवासात जास्त येरझारा घालतात असं त्यांना आढळलं. म्हणजे ज्याला मुळात खूप चालायचं आहे, त्याला जागा पुरत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. खायची वेळ जवळ आली, रखवालदाराच्या पावलांचा आवाज आला, तरीही प्राणी दाराशी घिरट्या घालतो. आणि जुन्या छोट्या पिंजऱ्यात जडलेली सवय प्रशस्त जागेत आणल्यावरही काहींची सुटत नाही. त्यामुळे एकदा बघून त्या जागेबद्दल मत बनवू नका. प्राण्याला लोकांच्या नजरेआड जायला आडोसा आहे का ते बघा. करायला काही आहे का, म्हणजे चढायला ओंडके, पोहायला पाणी, लपवून ठेवलेलं खाणं. चांगल्या ठिकाणी मांस ओंडक्याच्या ढोलीत ठेवतात, वासाच्या वस्तू कोपऱ्याकोपऱ्यात ठेवतात, म्हणजे वाघाला शोधायला खरोखर काहीतरी असतं. जिथे पिल्लांना कुशीत घेऊन फोटो काढू देतात किंवा प्राण्यांकडून कसरती करून घेतात, तिथे जाऊच नका.

लेकीला मी असं सांगेन: "वाघाला खूप लांब चालायला आवडतं. इथे जागा कमी आहे, म्हणून तो त्याच वाटेने परत परत चालतो. आपण तिथल्या काकांना विचारू या, त्याला खेळायला काय देतात." एवढं पुरे. तिला वाईट वाटलं तर वाटू द्या, लगेच दुसरं काही दाखवून ते पुसायची घाई करू नका. आणि रखवालदाराला खरंच विचारा. लहान मुलीने असं विचारलं की आम्हाला फार बरं वाटतं, आम्ही काम थांबवून उत्तर देतो.

न्यावं की नाही, याबद्दल. १९०७ मध्ये कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणी-व्यापाऱ्याने हँबुर्गला गजांऐवजी खंदक खणून प्राणी मोकळ्या जागेत दाखवले, तेव्हापासून पुष्कळ बदललंय, आणि पुष्कळ बदलायचं बाकीही आहे. पण अरबी ओरिक्स हे हरीण १९७२ मध्ये जंगलातून पार नाहीसं झालं होतं. प्राणीसंग्रहालयांत जपलेल्या कळपामुळे १९८२ मध्ये ते ओमानच्या वाळवंटात परत सोडता आलं. प्रझेवाल्स्कीचे घोडे नावाचे रानघोडे तसेच १९९२ पासून मंगोलियात परतले. असे प्राणी तिथे असतील तर लेकीला आवर्जून दाखवा. "यांना घरी का जाऊ देत नाहीत" असं तिने विचारलंच, तर यांच्यातले काही खरोखर घरी गेले, हे तिला सांगता येईल.

तळ्याकाठी

माझं मत वेगळं आहे. एवढ्या लहान वयात पिंजरे दाखवूच नयेत असं मला वाटतं. तळ्यावर जा, बदकं बघा. पाव मात्र घालू नका, त्याने त्यांचं पोषण बिघडतं आणि पाणीही नासतं. बगळा एका पायावर किती वेळ उभा राहतो, हे माझी मुलं श्वास रोखून बघायची. दीड वर्षाच्या बाळाला तर हत्ती आणि बदक सारखंच नवल. सावलीतला बाक यांनी लिहिलंय ते पटलं, पण चार वर्षांच्या पोरीच्या मनावर त्या वाघाचं ओझं आत्ताच कशाला?

सावलीतला_बाक

तुमचं म्हणणं समजतं. पण प्रश्न तिला आधीच पडलाय, तो व्हिडिओतून पडलाय. आता उत्तर मिळालेलं बरं. तळ्यावर मात्र जरूर न्यावं, दोन्हीही करावं.

आजीची_गोधडी

अगं, भीतीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सिंहाची डरकाळी कित्येक किलोमीटर ऐकू जाते, जवळून तर छातीत घुमते. तिला आधीच सांगून ठेव, "मोठा आवाज येईल, तो आपल्यावर ओरडत नाही, लांबच्या सिंहांना सांगतोय मी इथे आहे म्हणून." घाबरली तर मागे घ्यायचं, कडेवर घ्यायचं, लांबून बघायचं. "अगं काही करत नाही तो" म्हणून पुढे ढकलायचं नाही, बाबांनीही नाही. तिचं तिला वाटलं की ती आपणहून दोन पावलं पुढे जाते. आणि सासूबाईंना एखाद्या सावलीतल्या जागी, पक्ष्यांच्या किंवा माकडांच्या समोर, निवांत बसू दे. धाकटा त्यांच्या मांडीवर रमेल, तेवढ्या वेळात तुम्ही तिघं फिरून या.

दोघांची_आई (धागाकर्ती)

काल रात्री लेकीला वाघाचं उत्तर दिलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याला मोठी जागा कोण देणार?" रखवालदारकाकांना विचारायच्या यादीत तिने हा प्रश्न सगळ्यात वर ठेवायला लावलाय. तळ्यावर या रविवारीच जातोय, प्राणीसंग्रहालय पुढच्या महिन्यात.

तिने निवडलेले प्राणी: हत्ती, जिराफ, पाणघोडा आणि "ती शेळी". पाणघोड्याबद्दल तिचा प्रश्न आहे, तो पाण्याखाली श्वास कसा घेतो? मला नक्की माहीत नाही, कुणी सांगाल का?

सावलीतला_बाक

घेत नाही, रोखून धरतो. बुडताना नाकपुड्या आणि कान घट्ट मिटतो आणि साधारण पाच मिनिटांच्या आत वर येतो. पाण्यात झोपला असला तरी न उठता वर येऊन श्वास घेतो आणि पुन्हा खाली जातो. डोळे, कान, नाक तिन्ही डोक्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे एवढंच बाहेर दिसतं. कठड्याशी थांबा, पाणी हललं की नाकपुड्यांकडे बघायला सांगा, त्या उघडतात तेव्हा फुर्र असा मोठा आवाज होतो. त्या आवाजाचं मात्र तिला आधी सांगून ठेवा.