मदत हवी आहे: ॲशबर्नला घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. नवऱ्याची नोकरी रेस्टनला, म्हणून व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत घर बघतोय. 2022 साली सिल्व्हर लाइन मेट्रो ॲशबर्नपर्यंत आली, पण स्टेशनजवळची टाउनहाउस आमच्या आवाक्याबाहेर आहेत. तिथल्या डेटा सेंटरांकडून (कंपन्यांचे सर्व्हर ठेवलेल्या प्रचंड इमारती) काउंटीला भरपूर कर मिळतो म्हणून घरपट्टीचा दर कमी ठेवता येतो, हे खरं. पण परवा एका घराच्या डेकवर उभे राहिलो, तर जवळच्या डेटा सेंटरची पिठाच्या गिरणीसारखी एकसारखी घरघर! एजंट म्हणे, सवय होते. (पुण्यात डीजेची कुठे झाली?)

तिथे राहणाऱ्यांनी खरं सांगा: रात्री खिडकी उघडी ठेवता येते का? उद्या विकायचं म्हटलं तर अशा घराला गिऱ्हाईक मिळतं का? की सरळ लीसबर्गकडे सरकावं? तिकडून येणाऱ्या ग्रीनवे या हायवेचा टोल मात्र रोज परवडणारा नाही.