मदरसा लिहू की विद्यापीठ?

कृष्णाकाठ: कैरोच्या अल् अझहरवरचा एक लेख मराठीत करतेय. मी 'विद्यापीठ' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'मदरसा' केलं. मशीद ९७० सालची, फातिमी काळातली, हे कबूल. पण १९६१ च्या कायद्यानंतर तिथं वैद्यक, शेती, अभियांत्रिकीही शिकवतात. 'मदरशातून एमबीबीएस झाला' असं लिहू का?

मिरजवाला: ताई, तुमचं बरोबर. अरबीत मदरसा म्हणजे कुठलीही शाळा. दर्स म्हणजे पाठ, तो देतात ती जागा. शब्द आपल्याकडे येऊन आखडला. मोठ्या संस्थेला जामिया म्हणतात, अल् अझहरलाही अरबीत तेच. देवबंदचं १८६६ चं ते दारुल उलूम. आणि पोरं सकाळी टोपी घालून जातात ते मकतब. तिथल्या अलिफ-बेच्या पहिल्या पुस्तकाला 'कायदा' म्हणतात. माझं पोरगं सहा वर्षांचं असताना शेजारच्या काकूंना म्हणालं, "माझा कायदा संपत आला." काकू घरी येऊन विचारतात, "एवढ्यात वकिली?"

अजिंक्यतारा: परके शब्द हवेतच कशाला? 'धर्मपाठशाळा' लिहा.

वाळवा_एक्सप्रेस: धर्मपाठशाळेत अभियांत्रिकी? बिदरला जाऊन महमूद गवानचा मदरसा बघा, १४७२ चा. तिथं गणित, खगोलही चालायचं. आणि दादा, तुम्ही रोज पहाटे जाता कुठं? तालमीत ना? इल्म, उलूम, तालीम, सगळी एकाच घरातली. तालीम म्हणजे शिकवणं. आपण त्यात तांबडी माती ओतली, एवढंच.

अजिंक्यतारा: चूक. तालीम 'ताल'वरून. शड्डूचा ताल. माझे आजोबा वस्ताद होते, त्यांनीच सांगितलंय.

वाळवा_एक्सप्रेस: 'वस्ताद'सुद्धा फारसी उस्ताद. आजोबांना सांगू नका.

मिरजवाला: 😄

पडद्यामागे: कुस्तीचंच काय घेऊन बसलात? सांगलीत १८४३ साली भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. नाटकाची तालीम ही मूळ अर्थाला जास्त जवळची. तिथं खरंच शिकवतात.

अजिंक्यतारा: आणि तालमीत काय झोपा काढतात?

कृष्णाकाठ: अहो, लेख उद्या द्यायचाय. मदरसा की विद्यापीठ?

पडद्यामागे: देतो उत्तर. आधी एक सांगा, आमच्याकडे कुस्तीला जाणारा 'तालमीत' जातो आणि नाटकातला 'तालमीला'. साताऱ्याकडंही असंच का?

अजिंक्यतारा: साताऱ्यात दोघंही तालमीतच जातात. नाटकवाले उशिरा.