मदत हवी आहे: बहिणीचं लग्न फेब्रुवारी 2027 मध्ये, नाशिकला. कार्यालय आणि बाकीची मंडळी किती आधी ठरवायची?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. गेल्या रविवारी बोलणी झाली, सुपारी फुटली. मुलगा साताऱ्याचा, नोकरीला पुण्यात. लग्न आमच्याकडे, नाशिकला करायचं असं दोन्ही घरांनी ठरवलं आहे. बाबांची गेल्या वर्षी बायपास झाली, त्यामुळे बाहेरची सगळी धावपळ माझ्याकडे आहे आणि मला यातलं काहीच ठाऊक नाही. घरातलं शेवटचं लग्न 2009 साली आत्याचं. तेव्हा दीड महिन्यावर कार्यालय मिळालं होतं, म्हणून आई म्हणते, "अजून सात महिने आहेत, दिवाळी झाल्यावर बघू."

मला मात्र धीर धरवेना, म्हणून तीन दिवसांत सहा ठिकाणी जाऊन आलो. गंगापूर रोडला एका कार्यालयात मॅनेजरकाकांनी जाडजूड वही काढली, पुढच्या फेब्रुवारीचं पान उघडलं आणि माझ्यासमोर फिरवलं. मुहूर्ताच्या प्रत्येक तारखेपुढे दोन चौकोन, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. जवळपास सगळे लाल पेनाने भरलेले. एका तारखेपुढे पेन्सिलीने नाव होतं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "त्यांनी आगाऊ दिलेली नाही अजून. शनिवारपर्यंत थांबलोय." जुलै महिन्यात ही परिस्थिती बघून माझ्या पोटात गोळाच आला.

आमची माणसं चारशे ते साडेचारशे. आदल्या दिवशी संध्याकाळी सीमांतपूजन, रात्री वऱ्हाडाचं जेवण, दुसऱ्या दिवशी सकाळी हळद आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास मुहूर्त, असा बेत आहे. साताऱ्याहून शंभर-सव्वाशे माणूस मुक्कामाला येईल. माघ 7 फेब्रुवारीला लागतो, त्याआधी पौष आहे म्हणून नको, असं मुलाकडच्यांनी सांगितलं आहे.

आता माझे प्रश्न. आधी मुहूर्त काढून घ्यायचा आणि त्या तारखेला कार्यालय शोधायचं, की उलट? आचारी, फोटोवाले, मंडपवाले, गुरुजी, मेकअप करणाऱ्या ताई यांच्यात आधी कोणाला धरायचं? आगाऊ किती द्यायची? ज्यांनी हल्ली घरातलं लग्न केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. बाबांना या वेळी कशाचाही ताण होऊ नये एवढीच इच्छा आहे.

दोन_मुलींची_आई

अभिनंदन! मी पुण्यात दोन्ही मुलींची लग्नं केली, धाकटीचं गेल्या डिसेंबरात. आईंना सांगा, दिवाळीपर्यंत अजिबात थांबू नका.

एकच तारीख मनात धरून बाहेर पडू नका. गुरुजींकडे जा, मुला-मुलीची नावं-गोत्रं द्या आणि चार-पाच तारखा लिहून घ्या. त्यातल्या दोन तरी मधल्या वाराच्या असू द्या. तो कागद खिशात ठेवून कार्यालयं फिरा. जिथे तारीख आणि जागा जुळेल तो तुमचा मुहूर्त. सगळीकडे हल्ली हे असंच चालतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

यंदा गर्दी का आहे तेही सांगते. अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून होता, म्हणजे उन्हाळ्यातला ऐन लग्नाचा महिना गेला. 25 जुलैला आषाढी एकादशी, तिथून चातुर्मास. दिवाळी 8 नोव्हेंबरला आणि तुळशीची लग्नं 21 नोव्हेंबरपासून. मे महिन्यात ज्यांची राहिली ती सगळी मार्गशीर्षात आणि माघात येणार.

बाकीच्यांचा क्रम लावायला मी एक साधी खूण धरली होती. त्या दिवशी ज्याला एकाच ठिकाणी हजर राहता येतं, त्याला आधी धरायचं. गुरुजी एकच, मेकअपवाली एकच, फोटो काढणारा तोच मुलगा हवा असेल तर तोही एकच. मंडपवाल्याकडे चार टेम्पो असतात, फुलवाल्याकडे माणसं असतात, ते दोन-तीन लग्नं एका दिवशी करतात. थोरलीच्या वेळी मी उलटं केलं. मंडपाच्या रंगावर पंधरा दिवस घालवले आणि आमचे घरचे गुरुजी त्या दिवशी दुसरीकडे गुंतले. तिची मुंजीपासूनची ओळख असलेला माणूस तिच्या लग्नाला अंतरपाट धरायला नव्हता, हे मला अजून लागतं. म्हणजे मुंज तिच्या भावाची, पण तिला गुरुजी तेच हवे होते.

आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. माझ्या भाच्याच्या लग्नात एका कार्यालयाने फोनवर "तारीख तुमचीच" म्हटलं, आम्ही मोबाइलवरून अकरा हजार पाठवले, पावती घेतली नाही. तीन आठवड्यांनी तीच तारीख दुसऱ्यांना दिलेली निघाली. पैसे परत आले, तारीख गेली ती गेलीच. पावतीवर तारीख, सकाळ की संध्याकाळ, किती वाजता ताबा, किती वाजता सोडायचं, हे सगळं लिहून सही-शिक्का घ्या.

चुलीपाशी

आमच्या घरात वडिलांपासून लग्नाच्या स्वयंपाकाचं काम आहे, म्हणून आचाऱ्याच्या बाजूने थोडं लिहितो.

कार्यालय घेताना पहिला प्रश्न हा विचारा: आचारी तुमचाच घ्यावा लागतो का? पुष्कळ ठिकाणी कार्यालयाचा आचारी बंधनकारक असतो. काही ठिकाणी बाहेरचा चालतो, पण पानामागे काही रक्कम कार्यालयाला द्यावी लागते. हे आधी कळलं नाही तर दोन ठिकाणी आगाऊ अडकते.

बाहेरचा आचारी असेल तर कार्यालय पक्कं झाल्याच्या आठवड्यात त्याला तारीख सांगून ठेवा. सात महिने आधी आमच्याकडे कोणी आलं तर आम्हाला आनंदच होतो. पदार्थ मात्र तेव्हा ठरवू नका. ते दीड-दोन महिने आधी बसून ठरवू. फेब्रुवारीत भाज्या छान असतात, मटार स्वस्त असतो, तेव्हा मसालेभात भरपूर मटार घालून करून घ्या. अळूची भाजी आणि मठ्ठा ठेवाच, जुनी माणसं त्यासाठी जेवायला बसतात.

पानांचा आकडा हा खरा वादाचा विषय. आम्ही कमीत कमी किती पानांचे पैसे घेणार ते आधी ठरतं, आणि अंतिम आकडा आठ दिवस आधी घेतो. साडेचारशे माणसं येणार असं वाटत असेल तर कमीत कमीचा आकडा साडेतीनशे लिहा. अंतिम आकड्यापेक्षा माणसं वाढली तर दहा टक्क्यांपर्यंत आम्ही निभावून नेतो, पण कमी भरली तर लिहिलेल्या पानांचे पैसे द्यावे लागतात. पान मोजायची पद्धतही विचारा. ताटं मोजणार की उष्टी पत्रावळ, आणि मोजताना तुमचा एक माणूस उभा राहणार की नाही. घरातला एखादा शांत डोक्याचा मामा या कामाला आधीच नेमा.

आदल्या रात्रीचं वऱ्हाडाचं जेवण, सकाळचा चहा-पोहे, हळदीच्या वेळचं सरबत हे सगळं वेगळं धरलं जातं. पाहुण्यांच्या बसच्या चालकांचं जेवणही मोजायला विसरतात लोक, ते विसरू नका.

मधला_वार

थोडं वेगळं मत. घाबरून पहिल्या दिसेल त्या कार्यालयाला पैसे देऊ नका. आम्ही मंगळवारी लग्न केलं, चार महिने आधी चांगलं कार्यालय मिळालं आणि भाड्यातही सूट मिळाली. नोकरदार पाहुणे थोडे कमी आले, पण ज्यांना यायचंच होतं ते रजा टाकून आले. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, त्यामुळे ज्यांच्या घरी मुलं परीक्षेला आहेत त्यांना रविवारीही येणं कठीण.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला धागा वाचून दाखवला. ती काल संध्याकाळी स्वतः गुरुजींकडे आली माझ्याबरोबर.

आता एक नवी अडचण. काकांचं म्हणणं, 31 ऑक्टोबरला त्र्यंबकेश्वरला ध्वजारोहण होऊन सिंहस्थ सुरू होतोय आणि सिंहस्थात लग्न करत नाहीत. मुलाकडच्यांच्या कानावर हे गेलं तर त्यांच्या मनात किंतु यायला नको. यावर कोणाला माहिती आहे का? आणि एका लॉनवाल्यांनी निम्मं भाडं आत्ताच मागितलं आहे, हे बरोबर आहे का?

दोन_मुलींची_आई

सिंहस्थाचा निषेध मुख्यतः भागीरथी (गंगा) आणि गोदावरी यांच्या मधल्या प्रदेशासाठी सांगतात. गोदावरीच्या दक्षिणेला तो तितका मानत नाहीत. नाशिकमध्ये तर नदी गावातूनच जाते, त्यामुळे आमच्या ओळखीच्या एका घराने पंचवटी सोडून नदीच्या दक्षिणेला नाशिक रोडच्या बाजूचं कार्यालय घेतलं होतं. तुमच्या गुरुजींनाच स्पष्ट विचारा, आणि ते जे सांगतील ते मुलाच्या वडिलांशी तुम्ही स्वतः फोनवर बोला. तिसऱ्याकडून कानावर गेलं की गोष्ट वाढते.

चुलीपाशी

निम्मं आत्ता देऊ नका. थोडी रक्कम देऊन तारीख धरा, पुढचा हप्ता दोन महिने आधी आणि बाकी आदल्या आठवड्यात, असं मागून बघा. बहुतेक जण ऐकतात. आणि रद्द झालं तर किती परत मिळणार ते त्याच पावतीवर लिहून घ्या. घरात आजारी माणूस असताना ही ओळ फार महत्त्वाची. भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरून बोलताय की वगळून, हे विचारा. वीज, डिझेल, साफसफाई, खोल्यांच्या गाद्या याचं वेगळं बिल येतं का तेही विचारा.

येवल्याची_सून

कपड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बहिणीला हातमागाची पैठणी हवी असेल आणि रंग-पदर मनासारखा हवा असेल तर येवल्याला लवकर या. मागावर चढवून घ्यायची तर बारीक कामाला महिने लागतात. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना दोन महिने आधी कापड द्या, लग्नसराईत त्या नवीन काम घेत नाहीत. तिची आवड काय आहे ते तिलाच विचारा हं, धावपळीत नवरीलाच विचारायचं राहून जातं.

वऱ्हाडाच्या बससाठी एसटीचा प्रासंगिक करारही आहे, म्हणजे अख्खी बस भाड्याने मिळते, सातारा आगारात मुलाकडच्यांना चौकशी करू दे. रेल्वेने येणाऱ्यांना सांगून ठेवा, आरक्षण 60 दिवस आधीच उघडतं, त्याआधी धडपड करून उपयोग नाही.

मधला_वार

विवाह नोंदणीचं लक्षात ठेवा. लग्नानंतर 90 दिवसांत करायची असते, तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर गुरुजींची सही लागते. आम्ही ती सही कार्यालयातच, जेवणाआधी घेतली. नंतर गुरुजींना गाठायला तीन फेऱ्या झाल्या असत्या. पत्रिकेच्या दोन-तीन प्रती जपून ठेवा, त्याही लागतात.

गोदाकाठ

शेवटचं कळवतो, म्हणजे पुढे कोणाला हा धागा सापडला तर उपयोग होईल.

गुरुजींनी पाच तारखा दिल्या. सिंहस्थाचं मी त्यांना समोर बसून विचारलं. त्यांनी पंचांग उघडून आईला समजावलं आणि म्हणाले, कार्यालय नदीच्या दक्षिणेला बघा, मनात शंका उरणार नाही. मी रात्री मुलाच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "तुमचे गुरुजी सांगतात ना, मग आमचं काही नाही. मुलीच्या बाबांना जास्त फिरवू नका." हे ऐकून मला खूप बरं वाटलं.

नाशिक रोडला एका कार्यालयात दुसरी तारीख जुळली, गुरुवार आहे. आदल्या दिवशी दुपारी चारला ताबा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला सोडायचं. वर अकरा खोल्या आहेत आणि लिफ्ट आहे. लिफ्ट चालू आहे का ते मी दोनदा वर-खाली जाऊन बघितलं, बाबांना जिना नको म्हणून. वीस हजार आगाऊ दिले, पावतीवर रद्द करण्याची ओळ लिहून घेतली. मॅनेजरनी आधी टाळाटाळ केली, पण मी चुलीपाशी काकांनी सांगितलं तसं शांतपणे पुन्हा विचारलं, तेव्हा लिहून दिलं. माझ्यासमोर वहीत लाल पेनाने आमचं आडनाव लिहिलं. बाबांना त्या पानाचा फोटो पाठवला, त्यांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

गुरुजी तेच, घरचे. मेकअपवाल्या ताईंशी बहीण स्वतः बोलली, त्यांची ती तारीख मोकळी आहे. आचारी बाहेरचा चालतो, पानामागे कार्यालयाला पंधरा रुपये द्यायचे. येवल्याला पुढच्या रविवारी जातोय, आई, बहीण आणि मी.

एक प्रश्न राहिला. सीमांतपूजनाला दोन्हीकडचे मिळून साठ-सत्तर फेटे बांधायचे आहेत. फेटेवाले किती माणसं आणतात, आणि त्यांना किती वाजता बोलवायचं?

चुलीपाशी

तीन बांधणारे सांगा आणि कार्यक्रमाच्या दोन तास आधी बोलवा. पहिला फेटा बाबांना बांधा, मग त्यांना खुर्चीवर निवांत बसू दे.