मदत हवी आहे: चिहायाफुरू अर्ध्यात अडकलंय, पुढे कसं बघायचं?

सायली_के
लवकर सांगा प्लीज, रविवारी परत बसायचं आहे. मी आणि धाकटी बहीण रोज जेवणं झाली की या अ‍ॅनिमेचे (करुता या जपानी पत्त्यांच्या खेळावरची कार्टून मालिका) दोन भाग बघायचो. ताइची नायिकेला, चिहायाला, मनातलं सांगतो, ती "सॉरी" म्हणते, तो त्यांचा करुता क्लब सोडतो. तिथे बहिणीने लॅपटॉप खाडकन मिटला. "हिला दुसरं काही सुचलंच नाही का?" एवढंच बोलली आणि झोपायला गेली. चार दिवस झाले, विषय काढू देत नाही. तेवढे भाग गाळून पुढे गेलं तर चालेल का?

निशाचर
कितवा सीझन?

सायली_के
तिसरा, शेवटाकडे. प्रसंग सांगितला ना, त्यावरून कळतंच की.

निशाचर
विचारलं कारण तिसरा सीझन २४ भागांत संपतो आणि चिहाया, ताइची, आराता या तिघांचा गुंता काही सुटत नाही. अ‍ॅनिमे २०२० मध्ये तिथेच थांबलं. पुढचं सगळं मांगात, म्हणजे मूळ कॉमिकमध्ये आहे, ५० खंड, २०२२ मध्ये पूर्ण झाली. गाळून पुढे जाल, पण पुढे फारसं उरलेलंच नाही.

पियानोवेडा
ते सोडा आणि 'शिगात्सु वा किमि नो उसो' ही दुसरी अ‍ॅनिमे लावा. २२च भाग. कोसेइला वाजवताना स्वतःच्याच पियानोचे सूर ऐकू येईनासे होतात आणि व्हायोलिन वाजवणारी काओरी त्याला ओढून मंचावर नेते. मी तीनदा बघितलं, तिन्ही वेळा रडलो.

मोगरा
आधीच दुखावलेल्या मुलीला ते दाखवायचं? शेवट माहीत आहे ना तुम्हाला? आणि त्यात स्पर्धा निमित्ताला आहे. चिहायाफुरूत हरणं अंगाला लागतं. वाचलेल्या कवितेचा पत्ता आधी टिपायचा, असा तो खेळ. दोघांसमोर एकेकच पत्ता उरला की पुढे कोणता वाचला जाईल हे नशिबावर, आणि ताइचीच्या बाजूचा कधी येतच नाही. तेव्हाचा त्याचा चेहरा आठवा.

पियानोवेडा
निमित्ताला कशी? परीक्षकांसमोर काओरी व्हायोलिन स्वतःच्या मनाने वाजवते, लिहिलेलं बाजूला ठेवून, तेव्हाच कोसेइच्या आत काहीतरी हलतं. स्पर्धा नसती तर हे झालंच नसतं. शेवट मी सांगितलेला नाही, तुम्हीच सुचवताय.

आप्पा_सातारा
पत्ते विकत मिळत नसतील तर घरी करा. आम्ही मनाच्या श्लोकांचे केले. वाचणाऱ्याने पहिल्या दोन ओळी म्हणायच्या, पुठ्ठ्यावर उरलेल्या दोन. मूळ खेळात १०० कवितांपैकी ५० मांडतात, दोघांकडे २५-२५, आणि जागा पाठ करायला १५ मिनिटं. नातवंडं आता पहिल्या दोन अक्षरांवर झडप घालतात.

सायली_के
काका, पत्ते नको आहेत मला.

मोगरा
बहीण केवढी आहे? स्वतः काही खेळते का?

सायली_के
१७. बॅडमिंटन, मिश्र दुहेरी. जोडीदार आठवीपासूनचा. दिवाळीनंतर त्याने तिला विचारलं, ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तो कोर्टवर आला नाही. तिची रॅकेट तेव्हापासून कव्हरमध्येच आहे. याचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

निशाचर
अगं, हे आधी सांगायचं! मग अजिबात लावू नकोस. अ‍ॅनिमे म्हणजे औषध नाही. बस तिच्याजवळ, बोल.

मोगरा
बोलावं हे खरं, पण ती ताइचीवर नाही, चिहायावर चिडली आहे, हे बघ ना. मला वाटतं ती स्वतःवरच चिडली आहे. चिहाया कठोर नाही. ताइची क्लबचा अध्यक्ष, ती कर्णधार, दोघांनी मिळून तो उभा केला. तो कायम शेजारी असतो, म्हणून तिला तो दिसतच नाही. समोर बसला असता तर दिसला असता. आणि नाही म्हणणं खोटं नसेल तर त्यासाठी 'सॉरी'खेरीज कोणता शब्द आहे? मलाही सुचत नाही.

करुताच्या त्या शंभर कवितांत ४० आणि ४१ क्रमांकाच्या कविता शेजारीशेजारी आहेत, दोन्ही लपवलेल्या प्रेमाच्या. ९६० साली सम्राटाच्या महालात काव्यस्पर्धेत त्या एकमेकींसमोर आल्या होत्या. एक म्हणते, लपवलं तरी प्रेम चेहऱ्यावर उमटलंच, लोक विचारतात कसल्या विचारात आहेस. दुसरी म्हणते, कुणाला न कळता मी आत्ता कुठे प्रेमात पडत होतो, तर गावभर झालंसुद्धा. पंचांना ठरवता येईना. शेवटी सम्राट पहिलीची ओळ पुटपुटले, म्हणून ती जिंकली. हरलेलीही शंभरांत आहे, अजून वाचली जाते. बहिणीला हे सांग, बाकी काही समजावू नकोस.

आणि बघायचंच तर मागे जा, पहिल्या सीझनमध्ये, ताइची आराताचा चष्मा लपवतो तिथे. आराता कुणाला सांगत नाही, आणि ताइची ती लाज वर्षानुवर्षं बाळगतो.

निशाचर
चष्म्याचं पटलं. कवितांचं आत्ता नको, ती १७ वर्षांची आहे.

मोगरा
१७ वर्षांच्या मुलीला हेच लागतं.

सायली_के
आत्ता दोन्ही सांगितलं. कवितांवर काही बोलली नाही. मग विचारलं, ताइची परत खेळतो का? हो की नाही एवढंच सांगा, बाकी काही फोडू नका. इथेच बसली आहे.

मोगरा
हो. मांगात.