सेंद्रिय रानात लव्हाळा आवरेना, काय करावं?

तणनाशक मारायचं नाही हे पक्कं. पण खुरपणी झाली की आठवड्याभरात लव्हाळा पुन्हा हिरवागार. भाजीचे वाफे गिळून टाकलेत त्यानं. कुणी आटोक्यात आणलाय का?

उत्तर : एक रोप मातीसकट हळू उकरून बघा. काळ्या गाठी दोऱ्यासारख्या मुळांनी एकीला एक जोडलेल्या दिसतील. वरची पात कापली की गाठ पुन्हा फुटते. मी उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी उन्हात पार वाळू देतो आणि पाऊस पडला की दाट ताग पेरतो. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. फुलकळी दिसली की ताग गाडायचा. एका हंगामात जात नाही, पण जोर मोडतो. ओल्या रानात रोटाव्हेटर घालू नका, गाठी तुटून सगळीकडे पसरतात.

दुसरे उत्तर : प्लॅस्टिक आच्छादनाच्या भरवशावर राहू नका, लव्हाळ्याचं टोक ते भोसकून वर येतं. बाकी तणांना उत्तम.

ताग एकरी किती पेरावा?

उत्तर : २० ते २५ किलो. विरळ झाला तर सावलीच पडत नाही, हात आखडू नका.