स्की पेट्रोलमध्ये सेवा केलेल्या मामांची स्मृतिसभा : त्यांचे काम पुण्यातील श्रोत्यांना कसे सांगावे?

कोथरूडची भाची :

माझे मामा अलीकडेच अमेरिकेतील कोलोराडो राज्यात निवर्तले. शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी पुण्यात करून ते तिकडे गेले, पोटापाण्यासाठी अभियंता म्हणून काम करत राहिले, आणि हिवाळ्यातले बहुतेक शनिवार-रविवार त्यांनी तिथल्या एका स्की केंद्रावर स्की पेट्रोलचे, म्हणजे स्कीच्या उतारांवर सुरक्षा आणि बचावाचे काम पाहणाऱ्या पथकाचे, स्वयंसेवक म्हणून घालवले. पुण्यात आले की पहाटेचा सिंहगड ठरलेला असे, आणि राजगड ते तोरणा ही वाट ते साठी उलटल्यानंतरही चालले होते. पुढील महिन्यात त्यांचे जुने सोबती आणि आम्ही नातेवाईक मिळून कोथरूडमध्ये स्मृतिसभा घेत आहोत. तिथे त्यांच्याविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

सिंहगडावरच्या मामांविषयी सांगायला सभेतील निम्मे लोक माझ्याहून समर्थ आहेत. बर्फातल्या मामांविषयी मात्र कोणालाच फारसे ठाऊक नाही, कारण ते स्वतः त्याविषयी क्वचितच बोलत. ‘मामा बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळतात’ एवढीच घरात समजूत होती, आणि ती तशीच राहू नये असे मला मनापासून वाटते. स्की पेट्रोलमधील माणूस दिवसभर नेमके काय करतो, आणि ते बर्फ न पाहिलेल्या श्रोत्यांपर्यंत कसे पोहोचवावे?

हिमरेषा :

आपल्या मामांच्या निधनाची वार्ता वाचून वाईट वाटले. मी काही वर्षे कोलोराडोत होतो आणि हे काम जवळून पाहिले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेतील ही व्यवस्था अपघातांतून उभी राहिली. 1936 मध्ये व्हरमाँट राज्यातील स्टो येथे मिनॉट डोल यांचा घोटा मोडला आणि मित्रांनी छपराच्या पत्र्यावर घालून त्यांना कसेबसे खाली आणले. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचा एक मित्र स्कीच्या शर्यतीत दगावला. डोल यांनी हा विषय धरून ठेवला आणि 1938 मध्ये नॅशनल स्की पेट्रोल ही संघटना सुरू झाली. तिचे बहुसंख्य सदस्य आजही आपल्या मामांसारखे स्वयंसेवक आहेत, पण म्हणून त्यांना प्रथमोपचाराचा दीर्घ अभ्यासक्रम, परीक्षा आणि दरवर्षीची उजळणी यांतून सूट मिळत नाही.

त्यांचा दिवस लोक येण्याआधी सुरू होतो. स्की करणाऱ्यांना दोरावरून वर नेणाऱ्या पहिल्या पाळण्याने वर जाऊन उतार तपासायचे, धोक्याच्या जागी बांबू रोवून दोर बांधायचे, खांबांभोवती गाद्या लावायच्या, आणि एखादा उतार उघडण्याजोगा नसेल तर तो बंद ठेवायचा. संध्याकाळी पाळणे थांबल्यावर सारे जण आपापला भाग वाटून घेऊन वरून खालपर्यंत उतरतात आणि कोणी मागे राहिले नाही याची खात्री करतात. सगळ्यांत शेवटी डोंगर उतरणारे हेच लोक असतात.

जखमी माणसाला झोपवून नेण्याची घसरगाडी, जिला टोबॉगन म्हणतात, ती सभेत अवश्य समजावून सांगा. तिच्या पुढच्या दोन दांड्यांमध्ये राहून एक जण स्की करत ती खाली नेतो. उतार तीव्र असेल तर दुसरा मागून दोर धरून तिचा वेग आवरतो. गाडीवरच्या माणसाचा पाय किंवा मणका मोडलेला असू शकतो. त्याला हिसका बसू न देता, त्याच्याशी बोलत, उंचसखल बर्फावरून उतरणे हे कौशल्य अनेक हिवाळ्यांच्या सरावाने येते.

राहता राहिले हिमस्खलन. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर, कमकुवत थरावर साचलेला बर्फाचा घट्ट थर एकदम सुटतो, तेव्हा ते घडते. गाडला गेलेला माणूस बहुधा गुदमरून मरतो, त्यामुळे पहिल्या 10 ते 15 मिनिटांनंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणून हे लोक संकेत पाठवणारे आणि टिपणारे यंत्र अंगावर बाळगतात, लांब शोधकाठी आणि फावडे सोबत ठेवतात, आणि कित्येक केंद्रांवर शिकवलेले कुत्रेही असतात. धोकादायक बर्फ लोक येण्याआधी सुरुंग लावून पाडण्याचे काम सहसा पगारी पथक करते. मामांनी ते केले होते का, हे त्यांच्या सहकाऱ्यांना विचारूनच सांगा.

घाटवाट :

मी सह्याद्रीत बचावकार्य करणाऱ्या एका गटात आहे, तेव्हा एक विनंती करतो. भाषणात त्यांना साहसवीर म्हणू नका. स्मृतिसभांत हा शब्द सहज येतो आणि त्यामागे माणसाचे खरे काम दडून जाते. अपघाताच्या जागी पोहोचल्यावर श्वास चालू आहे का, रक्तस्राव कुठे आहे, मान आणि पाठ हलवणे सुरक्षित आहे का, हे शांतपणे पाहणारा माणूस त्या क्षणी साहस करत नसतो. तो शिकलेल्या गोष्टी क्रमाने करत असतो.

पुण्याच्या श्रोत्यांना हे परके वाटणार नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे गट आपल्याकडे हेच काम करतात आणि तेही स्वयंसेवक आहेत. पावसाळ्यात अरुंद, निसरड्या पायवाटेवरून स्ट्रेचर खाली आणायला अनेक माणसे आलटून पालटून लागतात आणि त्यात तासन्‌तास जातात. भिजलेल्या जखमीला ऊबदार ठेवण्याची काळजी आम्हालाही घ्यावी लागते. ज्यांनी ते पाहिले आहे, त्यांना दोन दांड्यांमधल्या एकट्या माणसावरची जबाबदारी लगेच कळेल.

डेक्कनचा वाचक :

वरील माहिती मोलाची आहे, परंतु ती सगळी सभेत सांगू नये असे माझे मत आहे. हिमस्खलनाचे शास्त्र दोन वाक्यांत आटोपावे आणि वेळ घसरगाडीला व संध्याकाळच्या फेरीला द्यावा, कारण तिथे मामा स्वतः दिसतात. त्यांच्या पथकातील एखाद्या सोबत्याला पत्र लिहून, काहीही विशेष न घडलेल्या एका शनिवारचे वर्णन मागवा. मोठ्या प्रसंगांच्या आठवणी लोक आपण होऊन पाठवतात; साधा दिवस मागितल्याशिवाय कोणी लिहीत नाही.

कोथरूडची भाची :

आपणा सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. मामींना आजच फोन केला. मामी पथकाच्या प्रमुखांना अशा साध्या शनिवाराविषयी लिहिणार आहेत आणि आलेला मजकूर मी मराठीत करून वाचेन. मामा नेहमी शेवटच्या फेरीला थांबत आणि त्यामुळे रात्रीचे जेवण उशिरा होई, हेही मला त्यांच्याकडूनच प्रथम कळले. घाटवाट, आपल्या गटातील कोणी सभेला येऊन स्ट्रेचरच्या कामाविषयी दहा मिनिटे बोलू शकेल का? सभा रविवारी सकाळी ठेवत आहोत. त्या दिवशी आपला सराव असेल तर संध्याकाळची वेळ ठरवता येईल.