शब्दचर्चा: 'ओपिऑइड'ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन: एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय असा की ओपिऑइड वेदनाशामकांमुळे कर्करोगाच्या पेशी तगतात की मरतात. 'ओपिऑइड'साठी 'अफूजन्य' चालेल का? आणि 'अपॉप्टोसिस'चं, म्हणजे पेशीने आतूनच ठरल्या क्रमाने स्वतःला संपवण्याचं, काय करू?

तिरकस: मॉर्फिन, कोडीन अफूच्या चिकातूनच मिळतात, त्यांना 'अफूजन्य' ठीक. पण फेन्टानिल आणि मेथाडोन निव्वळ रासायनिक प्रक्रियेने बनतात, अफूच्या बोंडाशी त्यांचा संबंध नाही. एन्डॉर्फिन तर आपलं शरीरच तयार करतं. हे सगळे एका गटात येतात ते पेशीवरच्या एकाच कुळातल्या रिसेप्टरना (ठरावीक रेणू ओळखून पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटतात म्हणून. तेव्हा माझं मत 'अफूसम'ला. 'मादक द्रव्य' मात्र कृपया नको. तो शब्द वाचला की घरचे लोक रुग्णाच्या मॉर्फिनलाच घाबरतात.

जुनापुराणा: 'अपॉप्टोसिस' हा शब्द १९७२ साली सुचवला गेला. मूळ ग्रीक अर्थ पानं-पाकळ्या गळणं. 'पेशीगळ' म्हणायचा मोह होतो, पण तुमच्याशिवाय कुणाला कळायचा नाही! 'नियोजित पेशीमृत्यू'ची व्याप्ती मोठी आहे, अपॉप्टोसिस हा त्याचा एक प्रकार. तोच शब्द देवनागरीत ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावा.

शाईपेन: आभार. मग 'मेथाडोन कर्करोगाच्या पेशी मारतं' असं लिहू?

तिरकस: इथे खरी मेख आहे. २००८ मध्ये मेथाडोनने ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी मेल्या, पण त्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या. उलट २००२ मध्ये उंदरांमध्ये मॉर्फिनमुळे स्तनाच्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या फुटल्या नि गाठ वाढली. मात्रा बदलली की निष्कर्षही फिरतो. बशीतल्या पेशींवर ओतलेलं प्रमाण बऱ्याचदा रुग्णाच्या रक्तात कधी पोचतच नाही. 'मारतं' या साध्या वर्तमानकाळात हे सगळं गडप होतं. जर्मनीत २०१७ साली टीव्हीवर अशीच बातमी झळकली आणि रुग्ण कर्करोगावरचं औषध म्हणून मेथाडोन मागू लागले. तज्ज्ञांच्या संघटनांना इशारे द्यावे लागले.

'प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मेल्या' असं लिहा. भूतकाळात, आणि कुठल्या पेशी तेही सांगून.

जुनापुराणा: आणि मथळ्यात 'कर्करोग वाढवणारी वेदनाशामकं' असं काही आलं, तर संपादकाशी भांडा. वेदना तशाच राहू देणंही शरीराला महागात पडतं.